मागच्या आसनाचे मत

घरात मुलीचे लग्न निघाले म्हणजे बापाला जशी गावभर स्थळे सांगणारी माणसे भेटतात, तशीच घरात मोटार घेण्याचा विषय निघाला की सल्ला देणारीही माणसे भेटतात. आमच्या घरी हा विषय २०२५ सालच्या सप्टेंबरात निघाला. त्या महिन्याच्या २२ तारखेपासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि बारा वर्षे वापरलेली आमची स्विफ्ट देऊन तिचीच नवी आवृत्ती घ्यावी की काय, असे मनात येऊ लागले. मी सुरतेत मराठी शाळेत शिकवतो. शिक्षकाच्या मिळकतीत मोटार ही वरचेवर बदलण्याची वस्तू नव्हे. तेव्हा निकाल लावण्यापूर्वी सर्व उत्तरपत्रिका वाचाव्यात, या न्यायाने दिवाळीच्या सुटीत मी ही नवी गाडी बाळगणाऱ्या ओळखीच्या पाच जणांना भेटलो. त्यांची मते आज आपणांस सांगावयाची आहेत; आणि त्या मतांत जे राहून गेले, तेही सांगावयाचे आहे.

प्रथम गाडीविषयी थोडेसे. मारुती सुझुकीची स्विफ्ट आपल्या देशात २००५ साली आली. तिच्या पाठीस बाहेर आलेली वेगळी पेटी नाही. मागचे दार वर उचलावयाचे आणि डिकीत सामान ठेवावयाचे. अशा घाटाच्या गाडीस हॅचबॅक म्हणतात. २०११ साली तिची दुसरी, २०१८ साली तिसरी आणि ९ मे २०२४ रोजी चौथी आवृत्ती आली. ही नवी गाडी आपल्या गुजरातेतच, बेचराजीजवळच्या हंसलपूरच्या कारखान्यात तयार होते. तिची लांबी ३,८६० मिलिमीटर, म्हणजे पूर्वीपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटर अधिक. गाडी चार मीटरांच्या आत राहिली तरच कराची सवलत मिळते, त्यामुळे कारखानदाराला फार हातपाय पसरता येत नाहीत. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर पूर्वीचेच, २,४५० मिलिमीटर. थोडक्यात, घराचा चौथरा तोच. रंगरूप, आतली मांडणी आणि इंजिन मात्र नवे.

पहिले गृहस्थ भेटले ते रिंग रोडवरील कापड बाजारातले एक तरुण व्यापारी. त्यांच्याकडे आधी २०१८ सालची गाडी होती. ते म्हणाले, "साहेब, गाडी सारी छे, पण एनो जीव नानो थई गयो." गाडी चांगली आहे, पण तिचा जीव लहान झाला! त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पूर्वी इंजिनात चार सिलिंडर होते, आता तीन आहेत. शक्ती सुमारे ९० अश्वशक्तीवरून सुमारे ८२ वर आली आहे. रविवारी संध्याकाळी डुमसच्या रस्त्याने भरधाव जाणाऱ्यास हा फरक जाणवणारच. सिग्नलला गाडी उभी असताना येणारी किंचित थरथरही त्यांना खटकते.

दुसरे आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील. मूळचे नंदुरबारकडील, उधन्यात त्यांचे छोटे लूमचे कारखाने. ते हसून म्हणाले, "मास्तर, शक्ती घेऊन मला काय शर्यत लावायची आहे? किलोला किती चालते ते बोला." त्यांनी सीएनजीवर चालणारी गाडी घेतली आहे. एक किलो वायूवर ३२.८५ किलोमीटर हा कारखानदाराचा आकडा आहे. रस्त्यावर तेवढे भरत नाही, तरी त्यांचे समाधान आहे. तक्रार एकच. वायूच्या टाकीने डिकी व्यापली आहे, त्यामुळे कापडाचे गठ्ठे मागच्या आसनावर ठेवावे लागतात.

तिसऱ्या अडाजणला राहणाऱ्या एक परिचारिका. कामावर जाण्यासाठी त्यांना रोज तापी ओलांडावी लागते, आणि सकाळी पुलांवर जी गर्दी असते ती सुरतकरांस सांगावयास नको. त्यांची गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे. क्लचच्या जाचातून डावा पाय सुटला याचेच त्यांना मोठे सुख. गिअर बदलताना क्षणभर गाडी विचारात पडल्यासारखी वाटते, एवढेच त्यांचे म्हणणे.

चौथे अठवा लाइन्सला राहणारे निवृत्त बँक अधिकारी. त्यांच्याजवळ २००६ साली घेतलेली पहिल्या आवृत्तीची गाडी होती. नव्या गाडीत त्यांना मुख्यत्वे जुनी गाडी सापडत नाही. "तिचा तोंडवळाच वेगळा होता," असे ते तीनदा म्हणाले. नवी गाडी पेट्रोल कमी पिते हे त्यांना मान्य आहे. कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे साधी गाडी लिटरला २२.३८ किलोमीटर जात असे, ती आता २४.८० जाते. पण प्रेम काही लिटरवर मोजत नाहीत, असे त्यांचे मत पडले.

पाचवे माझेच एक सहकारी शिक्षक, घरी दोन लहान मुले. त्यांनी गाडी घेतली ती सुरक्षिततेसाठी, असे त्यांनी आवर्जून सांगितले. नव्या आवृत्तीच्या प्रत्येक प्रकारात, अगदी सर्वांत स्वस्त गाडीतही, सहा एअरबॅग आहेत. २०२२ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅप या संस्थेने तिसऱ्या आवृत्तीची, दोन एअरबॅग असलेली गाडी आदळून तपासली, तेव्हा तिला पाचांपैकी एकच तारा मिळाला होता. हे माहीत असणाऱ्या बापाला सहा हा आकडा धीर देणारा वाटला तर नवल नाही. "आता काळजी मिटली," असे ते म्हणाले. नव्या गाडीला त्यांनी जाड, गुबगुबीत आणि देखणी सीट कव्हरेही घालून घेतली होती.

येथवर माझी पाहणी आटोपली असती. पण ही पाचवी गाडी पाहावयास माझी आई बरोबर आली होती. ती बहात्तर वर्षांची आहे. गाडीभोवती फिरून ती मागच्या दारापाशी थांबली आणि म्हणाली, "बरे झाले बाई, कडी खाली आणली." मला प्रथम कळेना. मग उलगडा झाला. २०१८ च्या गाडीत मागच्या दाराचे हँडल शोभेसाठी वर, खिडकीच्या कडेला दडवलेले होते. आमच्या शेजाऱ्यांच्या तशा गाडीत बसताना आईला ते कधी सापडत नसे, आणि लहान मुलांचा हात तेथवर पोचत नसे. नव्या गाडीत ते पुन्हा दारावर, हाताला लागेल असे आले आहे. पाचांपैकी एकाही मालकाने ही गोष्ट मला सांगितली नव्हती. सांगणार कशी? मालक पुढे बसतो. आपण ज्याला मालकाचे मत म्हणतो, ते बहुधा चालकाचे मत असते.

मग आई आत बसली. इकडेतिकडे चाचपून तिने विचारले, "अरे, इथला पट्टा कुठे आहे?" पट्टा खांद्याजवळ लोंबत होता; परंतु तो ज्यात अडकवायचा ते बक्कल त्या देखण्या कव्हराखाली गडप झालेले होते. माझे सहकारी ओशाळले. मी मात्र गप्प राहिलो, कारण माझ्या मनात एक शंका आली होती.

घरी आल्यावर मी आमच्या जुन्या गाडीचे मागचे कव्हर उचलले. खाली दोन बक्कले होती, धुळीने भरलेली. एकात शेंगदाण्याचे टरफल अडकलेले. २०१३ साली गाडी आली त्याच आठवड्यात, मुलांना टोचतात म्हणून मीच ती खाली दडपली होती. त्यानंतर बारा वर्षे दर नाताळात आणि दर मे महिन्यात आम्ही त्या गाडीने वसईला गावी गेलो. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता. पुढे आम्ही दोघे पट्टा लावून, मागे आई आणि दोन्ही मुली मोकळ्या. या बारा वर्षांत कोणी विचारले असते, तर आमची गाडी उत्तम आहे, असेच मत मी दिले असते.

श्रोतेहो, त्या रस्त्यावर चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी याच पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी, परदेशी कंपनीची होती. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ही बातमी आईने वर्तमानपत्रात वाचली होती. त्यानंतर तो पूल आला की ती नमस्कार करी. पट्टा मात्र मागत नसे, कारण मागच्या आसनाला पट्टा असतो हेच आम्ही तिला कधी कळू दिले नव्हते.

हा एकट्यादुकट्याचा प्रमाद नव्हे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात पट्टा न लावल्यामुळे देशात १६,३९७ माणसे दगावली. त्यांपैकी ८,४३८ चालक आणि ७,९५९ प्रवासी होते. म्हणजे जवळजवळ निम्मे लोक स्टिअरिंगला हात न लावता गेले. मागे बसणाऱ्याने पट्टा लावावा हा कायदाच आहे आणि न लावल्यास एक हजार रुपये दंड आहे. परंतु गाडी पट्ट्यासाठी पिरपिर करते म्हणून तिचे तोंड बंद करणाऱ्या नुसत्या चपट्या क्लिपा बाजारात विकल्या जात होत्या. २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढावे लागले. जीव वाचवणारी वस्तू फुकट मिळते, आणि ती मुकी करणारी वस्तू आपण पैसे देऊन घेतो!

आता त्या सहा एअरबॅगांकडे वळू. दोन पुढे बसणाऱ्यांच्या समोर असतात, दोन पुढच्याच आसनांच्या बाजूंत, आणि उरलेल्या दोन पडद्यासारख्या, छताच्या कडेने खिडक्यांवर उतरणाऱ्या. समोरून टक्कर झाली, तर मागे बसणाऱ्याच्या समोर यांपैकी एकही नसते. त्याला धरून ठेवणारा असतो तो पट्टाच. पुढच्या आसनांच्या कुशीतून उघडणाऱ्या एअरबॅगांचा मार्ग जाड कव्हराने अडतो, ती गोष्ट आणखी वेगळी. एअरबॅग असलेल्या आसनांसाठी बाजूची शिवण उसवेल अशी कव्हरे मिळतात. तशी नसतील, तर कव्हर नसलेले बरे. म्हणजे सहकाऱ्यांनी काळजी मिटावी म्हणून जी गाडी घेतली, तिच्यावर शोभेचा साज चढवून त्यांनी, माझ्याप्रमाणेच, ती काळजी पुन्हा विकत घेतली होती.

नव्या गाडीत मला सर्वांत मोलाचा बदल कोणता वाटतो, हे आता सांगतो. तो इंजिनात नाही आणि तोंडवळ्यात नाही. पाचही जागांना, मागच्या मधल्या जागेसुद्धा, खांद्यावरून कमरेपर्यंत येणारा पूर्ण पट्टा आता प्रत्येक प्रकारात आहे, आणि तो लावला नाही तर गाडी आठवण करून देते. आमच्या जुन्या गाडीत मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा नव्हता. त्या जागी माझी धाकटी मुलगी बसत असे, पुढचा रस्ता दिसतो म्हणून.

मी गाडी घेतली की नाही, असे आपण विचाराल. नोंदवली आहे, कव्हरे नकोत असे शोरूमवाल्याला दोनदा सांगितले आहे, आणि ती आमच्याकडून भेट आहेत असे त्याने दोनदा उत्तर दिले आहे. पण नाताळ आला तेव्हा ती हाती आलेली नव्हती. म्हणून आम्ही जुनीच गाडी काढली, बक्कले घासूनपुसून वर घेतली आणि मधली जागा रिकामी ठेवली. पत्नीने गाडी चालविली, थोरली पुढे बसली, आई आणि धाकटी मागे पट्टा लावून. पाचवा माणूस म्हणून मी आगगाडीने गेलो, आणि वसई रोड स्टेशनावर उतरून सर्वांच्या आधी घरी पोचलो.

संध्याकाळी आईला प्रवास कसा झाला ते विचारले. ती म्हणाली, "पट्टा गळ्याशी जरा काचतो. पण चारोटीला हात जोडायचे राहूनच गेले. महालक्ष्मीचा सुळका केव्हा मागे पडला, ते कळले नाही."

श्रोतेहो, आपणही गाडी बाळगत असाल आणि तिच्याविषयी आपले मत चांगले असेल, तर माझी एकच विनंती आहे. भाषण संपल्यावर खाली जाऊन मागचे दार उघडा, तेथे स्वतः बसा, आणि बक्कल हाताला लागते का ते पाहा. मग मत बनवा.