परदेशातील शिक्षकाने निघावे केव्हा?

(वर्षावास कार्यक्रमात दाभोळ येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी मला विषय दिला तो ‘परदेशातील नोकरी आणि आपला तरुण’. विषय फार मोठा आहे, म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेतो. आपल्या दाभोळ-दापोलीकडचा माणूस पूर्वी बोटीने मुंबईस जाई आणि गिरणीत लागे. पुढे तो आखाती देशांत जाऊ लागला. आता आपली बी.एड. झालेली मुले-मुली तिकडच्या भारतीय शाळांत शिकविण्यास जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. जावे कसे, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. तेथून निघावे केव्हा, हे सांगणारा मात्र सहसा भेटत नाही.

आपल्याच भागातील एक शिक्षिका मस्कतला आहेत. त्यांचा करार संपत आला आहे. वडील म्हणतात, घराचा स्लॅब पडेपर्यंत थांब. नवरा म्हणतो, मुलगा आता पाचवीत जाईल, आता ये. बाईंनी मला फोनवर विचारले, “सर, तुम्ही सांगा.” मी त्यांना लगेच उत्तर दिले नाही. उत्तराऐवजी एका माणसाची हकीकत सांगितली, तीच आज आपणापुढे मांडतो.

धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्या घराघरांत पोचायला हवे होते तेवढे पोचलेले नाही. गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली त्यांचा जन्म झाला. बुद्धाचा धम्म मुळातून शिकावा ह्या एका ध्यासाने ते १८९९ साली घराबाहेर पडले आणि नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश असे फिरून पाली शिकले. पुढे कलकत्त्यास पाली शिकवू लागले. विद्यापीठात मान होता, पगारही बरा होता. तरी त्यांनी ती नोकरी सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले होते. अट अशी की महाराष्ट्रात राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. पन्नास रुपये कलकत्त्याच्या मानाने थोडे. परंतु हे ज्ञान आपल्या मराठी माणसाला मिळावे हा त्यांचा हेतू होता आणि तो कलकत्त्यात राहून साधत नव्हता.

१९१० साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाचे काम वॉरन नावाच्या पंडिताच्या मृत्यूमुळे अपुरे पडले होते, ते पुढे न्यायचे होते. तेथे प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला. ग्रंथावर नाव कोणाचे लागावे, असा तो प्रश्न होता. कोसंबी काम अपुरे टाकून १९१२ साली परत आले आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. ज्यांनी पुढे पालीची परंपरा महाराष्ट्रात चालविली ते पु. वि. बापट त्यांचेच शिष्य.

आता कोणी म्हणेल, मानापमानासाठी नोकरी सोडली, यात विशेष ते काय? विशेष पुढे आहे. माणसाशी बिनसले म्हणून त्यांनी कामाशी वैर धरले नाही. ज्या प्राध्यापक वुड्स यांनी त्यांना अमेरिकेस नेले होते त्यांच्याशी स्नेह राहिला. १९१८ साली ते पुन्हा हार्वर्डला गेले, मुलगी माणिक आणि मुलगा दामोदर यांना शिक्षणासाठी बरोबर घेऊन. १९२२ साली परत येऊन गुजरात विद्यापीठात काम केले. १९२६ साली तिसऱ्यांदा, १९३१ साली चौथ्यांदा गेले आणि १९३२ पर्यंत तो ग्रंथ हातावेगळा केला. छापून आला १९५० साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. पण त्यावर त्यांचे नाव आहे.

मधल्या काळात, १९२९ साली, ते रशियात लेनिनग्राडला गेले होते. तेथून परतले आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी स्वयंसेवक गोळा करू लागले, तुरुंगातही गेले. १९३७ साली मुंबईच्या परळ भागात कामगारांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. आपल्या वडिलांपैकी कित्येकजण त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांत होते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. ह्या सगळ्या जाण्या-येण्याचा भार त्यांच्या पत्नी बाळाबाई यांच्यावर पडला. पती पहिल्यांदा घर सोडून गेले तेव्हा पदरी लहान मुलगी होती. ह्या बाबतीत मी कोसंबींचा कित्ता गिरवा असे सांगणार नाही. निघण्याचा किंवा राहण्याचा निर्णय एकट्याने करून घरी नुसते कळविणे, हे त्या काळी खपले. आज ते खपू नये.

दुसरे उदाहरण आपणा सर्वांच्या ओळखीचे. बाबासाहेब नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचे शिक्षण १९१७ साली अर्धवट राहिले होते आणि ते पुरे करण्यास चार वर्षांची मुदत मिळाली होती. म्हणजे नोकरी धरतानाच ती सोडण्याचा काळ ठरलेला होता. पगारातून बचत केली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज घेतले, मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली आणि त्याच वर्षी लंडन गाठले. कोणाशी भांडण झाले म्हणून किंवा कंटाळा आला म्हणून ते निघाले नव्हते.

आता मस्कतच्या बाईंकडे येतो. मी त्यांना तीन गोष्टी विचारल्या. तुम्ही तेथे कशासाठी गेलात? कर्ज फेडण्यासाठी गेला असाल तर ते फिटले का? फिटले असेल तर स्लॅब ही नवी गरज आहे, तिचा हिशेब वेगळा मांडा. नाहीतर स्लॅबनंतर रंग, रंगानंतर लग्न, असे दहा वर्षे चालते. दुसरे, इकडे येऊन काय करणार? आज राज्यात शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता चाचणीचे गुण लागतात आणि वयाची अटही आड येते. तिकडच्या अनुभवावर इकडे कोणी हार घेऊन उभे नाही. तेव्हा राजीनाम्याआधी परीक्षेची तयारी सुरू करा. तिकडे आपणास पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी किती मिळेल, हे करार वाचून लेखी घ्या. तिसरे, वर्गाचे काय? तिकडच्या सी.बी.एस.ई. शाळांचे वर्ष एप्रिलला सुरू होते. दहावीची मुले फेब्रुवारीत परीक्षेला बसत असताना शिक्षक डिसेंबरात विमानात बसला, तर त्याने कोणाचे नुकसान केले? रीतसर नोटीस द्या, मार्चअखेर निघा, अनुभवाचा दाखला शिक्क्यानिशी हातात घेऊन निघा. कोसंबींना चार वेळा बोलावणे आले, ते उगीच नाही.

बाईंचे उत्तर आले आहे. त्या आणखी एक वर्ष थांबणार, मुलाला पाचवीत तिकडेच घालणार, आणि पुढच्या मार्चला निघणार. वडिलांना ते पूर्ण पटलेले नाही. स्लॅब अर्धाच होईल. मला मात्र त्यांनी तारीख ठरवली हे आवडले. परत आल्यावर आपल्या अभ्यासवर्गात इंग्रजी शिकवाल का, असे मी विचारले आहे. त्यांनी हो म्हटले आहे; तेव्हा विद्यार्थ्यांनी कार्यवाहांकडे आत्तापासून नावे द्यावीत.

जयभीम.