लॉक ऑब्जेक्टच्या बाहेर हवे

मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. ड्रायव्हरमध्ये अनेकांच्या हाती असलेला ऑब्जेक्ट मोकळा करताना लॉक कोणते निवडायचे?

यूएसबी उपकरण घ्या. फाइल उघडी आहे, वाचन चालू आहे आणि कुणीतरी केबल उपसली. एका प्रोसेसरवर डिस्कनेक्ट धावते आहे, दुसऱ्यावर रीड. नवखा लेखक ऑब्जेक्टच्या पोटातच म्युटेक्स ठेवतो, तो घेतो, सोडतो आणि लगेच मेमरी परत करतो. त्याच म्युटेक्ससाठी थांबलेला दुसरा थ्रेड मग परत गेलेल्या मेमरीवर ताटकळत राहतो.

यातली बारीक गोष्ट लिनक्समध्ये डिसेंबर २०१३ मध्ये उघड झाली. पाइपच्या कोडमध्ये वापरकर्त्यांची संख्या म्युटेक्स हातात असतानाच कमी केली जाई. पहिला थ्रेड संख्या दोनावरून एकावर आणून म्युटेक्स सोडू लागे. सोडण्याचे काम पुरते संपण्याआधीच दुसऱ्याला म्युटेक्स मिळे, तो संख्या शून्यावर आणी आणि पाइप मोकळा करी. पहिला मात्र अजून त्याच म्युटेक्सच्या आत काहीतरी हाताळत असे. दुरुस्ती छोटी होती : आधी म्युटेक्स सोडा, मग संख्या कमी करा. म्युटेक्स सोडणे ही एका क्षणात संपणारी क्रिया नाही, हे अनुभवी मंडळींच्याही नजरेतून निसटले होते.

म्हणून माझा आग्रह असा की लॉक निवडण्याआधी, या ऑब्जेक्टपर्यंत अजून कोण पोहोचू शकतो, हे विचारा. तो यादीतून सापडत असेल, तर यादीचे लॉक ऑब्जेक्टच्या बाहेर हवे. शोधणे आणि रेफरन्सची संख्या वाढवणे, दोन्ही त्या एकाच लॉकखाली व्हायला हवे. शेवटचा रेफरन्स सोडून यादीतून काढणेही त्याच लॉकखाली. नाहीतर पॉइंटर हाती येतो आणि संख्या वाढवण्याआधीच ऑब्जेक्ट जातो. रेफरन्स मोजण्याचे काम २००४ मध्ये कर्नलमध्ये आलेल्या केरेफला नेमके जमते, पण लॉकची जागा तो भरून काढत नाही. शून्यावर पोहोचलेली संख्या पुन्हा वाढवणे ही चूकच. २०१७ मध्ये आलेला रेफकाउंट प्रकार तिथे निदान इशारा देतो.

इंटरप्टमधून शोध होत असेल तर स्पिनलॉक हवा, आणि बाकीच्या कोडने तो इंटरप्ट बंद ठेवून घ्यायचा. वाचणारे पुष्कळ आणि बदल क्वचित असतील तर वाचणाऱ्यांना लॉक न लावणारी आरसीयू पद्धत. पण मोजमाप न करता आरसीयूकडे धावणे मला पटत नाही. बहुतेक ड्रायव्हरना बाहेरचा एक साधा म्युटेक्स आणि केरेफ पुरतात.

टायमर आणि वर्कक्यू यांचे वेगळे बघा. ऑब्जेक्ट मोकळा करण्याआधी ते संपेपर्यंत थांबणे भागच आहे, मात्र त्यांचा हँडलर जे लॉक घेतो ते हातात धरून थांबलात, तर दोघेही कायमचे अडकाल.

तरुण मित्रांना एक विनंती. ड्रायव्हर पाठवण्याआधी मेमरीतल्या चुका पकडणारा कासॅन आणि लॉकमधल्या चुका पकडणारा लॉकडेप चालू करा, फाइल उघडी ठेवा आणि वाचन चालू असताना केबल पुन्हापुन्हा उपसा. आणि प्रत्येक साठवलेल्या पॉइंटरशेजारी त्याचा रेफरन्स कोण घेतो व कोण सोडतो, हे कॉमेंटमध्ये लिहा.