आत या, दार उघडंच आहे

मुंबईत थंडी म्हणजे काय, तर सकाळी पंखा एक घर कमी करायचा आणि कपाटातला स्वेटर एकदा उन्हात घालून परत ठेवायचा. पण याच दिवसांत या शहरात एक वेगळा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चित्रप्रदर्शनांचा हंगाम. आज त्याचं आमंत्रण द्यायला मी आले आहे. मी चित्रकार नाही, समीक्षक तर नाहीच. डोंबिवलीहून फोर्टात नोकरीला येणारी एक कारकून, आता निवृत्त. म्हणूनच हे आमंत्रण मी द्यावं असं मला वाटतं.

1979 साली मी नोकरीला लागले. व्ही.टी.ला उतरून महात्मा गांधी रस्त्यानं चालत ऑफिस गाठायचं. वाटेत काळा घोडा. तिथला सातव्या एडवर्डचा पुतळा 1965 मध्येच राणीच्या बागेत गेला होता, नाव तेवढं मागे राहिलं होतं. (2017 मध्ये तिथं पुन्हा एक काळा घोडा उभा राहिला, या खेपेला स्वाराशिवाय.) त्या चौकाला लागूनच जहांगीर आर्ट गॅलरी. तिच्यावरून मी अकरा वर्षं रोज दोनदा गेले, आणि एकदाही आत गेले नाही.

का गेले नाही? एक, तिकीट असेल असं वाटायचं. दोन, आत सगळे इंग्रजी बोलत असतील. आणि तीन, हे सगळ्यात मोठं, आपल्याला त्यातलं काही कळणार नाही आणि कळत नाही हे लोकांना दिसेल. तुमच्यापैकी अनेकांची हीच तीन कारणं असतील. यातलं पहिलं तर साफ खोटं होतं. जहांगीरला तिकीट नाही. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही गॅलरी 1952 साली सुरू झाली. साधारण सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, कुणीही यावं.

1990 च्या पावसाळ्यात मात्र छत्री उलटी झाली आणि मी आडोशाला म्हणून आत शिरले. दालनात एक गृहस्थ एकटेच टेबलामागे बसले होते. मला बघून उठले. म्हणाले, "या ताई, छत्री त्या कोपऱ्यात ठेवा." मी आधीच सांगून टाकलं, "मला चित्रांतलं काही समजत नाही हं. पावसामुळे आले." ते हसले. "मलाही पुष्कळदा समजत नाही. तुम्ही नुसतं बघा. जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबा."

ते सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. इथलं दालन मिळायला काही वर्षं वाट पाहावी लागली होती. चित्रं लाकडी खोक्यात घालून एस.टी.नं आणली होती, खर्चासाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. आठवडाभराचं प्रदर्शन, त्यातले चार दिवस पावसात गेलेले. मी एका निळ्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिले. का, ते आजही सांगता येणार नाही. अभिप्रायाच्या वहीत मी लिहिलं, "निळं चित्र आवडलं. कारण माहीत नाही." त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "आज दिवसभरात आलेल्या तुम्ही तिसऱ्या."

श्रोतेहो, त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. मी बाहेरून घाबरत होते आणि आत बसलेला माणूस कुणी यावं म्हणून दाराकडे डोळे लावून बसला होता. मध्ये फक्त एक दार होतं, आणि तेही उघडं.

त्यानंतर मी जेवणाच्या सुट्टीत जात राहिले. डबा दहा मिनिटांत उरकायचा आणि वीस मिनिटं चित्रं बघायची. त्या अनुभवावरून थोडी वाट दाखवते.

सुरुवात जहांगीरपासूनच करा. तिथं दालनं अनेक आहेत, म्हणून एका फेरीत निसर्गचित्रांपासून अमूर्त चित्रांपर्यंत सगळं भेटतं. बाहेर पदपथावरही चित्रकार आपली चित्रं मांडतात, त्यांच्याशी बोला. आतलं सामोवार हे कॅफे 2015 मध्ये बंद झालं, तेव्हा चहा दुसरीकडे घ्यावा लागेल. याच इमारतीत 1963 मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी गॅलरी केमोल्ड सुरू केली. ती 2007 मध्ये फोर्टातच प्रेस्कॉट रोडला गेली. तिथं आजचे, प्रयोग करणारे चित्रकार बघायला मिळतात. अशा खासगी गॅलऱ्या फोर्ट आणि कुलाब्यात बऱ्याच आहेत. दारावरची घंटा वाजवावी लागली तर बिचकू नका. विकत घेणार का, असं तुम्हाला कुणी विचारत नाही. फक्त रविवारी यातल्या पुष्कळ बंद असतात.

जहांगीरच्या जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. 1911 साली बांधलेल्या कावसजी जहांगीर सभागृहात ते 1996 मध्ये सुरू झालं. ज्या वास्तूत सभा आणि मैफली झाल्या, तिथं आता अर्धगोल मजले चढत चढत घुमटापर्यंत चित्रं बघत जायचं. सोमवारी बंद असतं, तिकीट थोडं आहे. समोरच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आपण मुलांना घेऊन मूर्ती आणि शस्त्रं बघायला जातो. पण तिथंच जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रसंग्रहाचंही दालन आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? निकल्सन हे कापसाचे व्यापारी. आवडलं ते घेत गेले आणि शेकडो कलाकृती जमल्या.

जानेवारीत गॅलऱ्या मिळून एक खास सप्ताहअखेर साजरा करतात. तो उपक्रम 2012 पासून चालू आहे. काळा घोडा महोत्सव 1999 मध्ये सुरू झाला, तो बहुधा फेब्रुवारीत असतो. तिथं शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. शक्यतो कामाच्या दिवशी, सकाळी जा. आणि 1857 साली स्थापन झालेल्या जे. जे. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. उद्याचे चित्रकार आज काय करताहेत, ते तिथं दिसतं.

आता प्रश्न येतो तो त्या तिसऱ्या भीतीचा. आजकालच्या प्रदर्शनांत चित्रच नसतं, जुन्या वस्तू मांडलेल्या असतात, पडद्यावर काहीतरी हलत असतं, मग बघायचं काय? अशा मांडणीला मराठीत मांडणशिल्प असा छान शब्द आहे. एकच उदाहरण देते. घाटकोपरला वाढलेले अतुल डोडिया हे आजचे नामवंत चित्रकार. त्यांनी कॅनव्हासऐवजी दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली. त्यांच्या 2002 च्या एका कामात बाहेर शटरवर महालक्ष्मी आहे. शटर वर सरकवलं की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी. हुंडा देण्याची बापाची ऐपत नव्हती म्हणून जीव दिलेल्या. बाहेर लक्ष्मी, आत तिच्यापायी गेलेल्या लेकी. सांगा, यात न कळण्यासारखं काय आहे? वाण्याच्या दुकानाचं शटर तर आपण रोज पाहतो.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, गिरणी कामगार. 1982 च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. पुढं मिळेल ते काम केलं. मी चित्रं बघायला जाते याची त्यांना गंमत वाटायची. "मोठ्या लोकांचे चाळे" म्हणायचे. 2019 च्या अखेरीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात सुधीर पटवर्धन यांचं मोठं प्रदर्शन लागलं. पटवर्धन पेशानं क्ष-किरणतज्ज्ञ, ठाण्यात वर्षानुवर्षं व्यवसाय केला आणि सोबत चित्रं काढली. लोकल, इराणी हॉटेल, कामावरून परतणारी माणसं, वाढत जाणारी उपनगरं. मी दादांना जवळजवळ ओढूनच नेलं.

पहिला मजला त्यांनी हात मागे बांधून, कुणाच्या तरी घरी आल्यासारखा पाहिला. मग माणसांनी भरलेल्या एका मोठ्या चित्रासमोर ते थांबले. मी पुढं जाऊन परत आले तरी तिथंच. म्हणाले, "सुमे, पाळी सुटल्यावर माणूस असाच चालतो. खांदा एका बाजूला पडतो बघ. हे त्या डॉक्टरला कसं कळलं?" थोड्या वेळानं म्हणाले, "आम्हाला कुणी बघत होतं, हे ठाऊक असतं तर बरं वाटलं असतं."

दादा आता नाहीत. त्यांचं ते वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. जे त्यांच्यावरच होतं, ते त्यांच्यापर्यंत पोचायला सत्तरी उलटावी लागली. याच पटवर्धनांनी 2008-09 मध्ये इतर चित्रकारांची चित्रं घेऊन एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शहरांत फिरवलं होतं. चित्रकारानं इतकं करावं, आणि आपण लोकलनं तासाभराच्या अंतरावर राहून जाऊ नये?

म्हणून शेवटी चार साध्या गोष्टी सांगते. एका दिवसात दोनच प्रदर्शनं बघा, जास्त नाही. आधी चित्र बघा, शेजारची पाटी मागाहून वाचा. सगळ्या चित्रांना न्याय द्यायला जाऊ नका. एकासमोर पाच मिनिटं थांबलात तरी फेरी सार्थकी लागली. चित्रकार हजर असेल तर खुशाल मराठीत विचारा. आणि वहीत दोन ओळी लिहा, नाव घालून.

घरातल्या एखाद्या दादाला, आईला, शेजारणीला बरोबर न्या. कुणी विचारलं, "आपल्याला त्यातलं काय कळतंय?", तर सांगा, पाऊस नसतानाही आत जायला हरकत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)