बोटीच्या इंजिनचे तेल आणि हातपंपाची निवड

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहींना हसू येईल. मी राहतो बेसा येथे. नागपूरच्या दक्षिणेला, शहराला अगदी लागून असलेले हे गाव. समुद्राचे वारे येथवर काही पोचत नाही. मग बोटीच्या इंजिनचे तेल बदलायला हातपंप कोणता घ्यावा, ही उठाठेव आपण कशाला करायची?

याचे उत्तर असे की, जी अडचण मिरकरवाड्याच्या तांडेलाला बोटीत येते, तीच अडचण आपल्या शेतकऱ्याला विहिरीत येते. दोन्ही ठिकाणी इंजिन पाण्यालगत असते, आणि दोन्ही ठिकाणी त्याच्या खाली हात घालायला जागा नसते.

प्रथम तेल का बदलायचे ते पाहू. बंडीच्या आसाला आपण वंगण घालतो. ते झिजते, गळते, आपण पुन्हा घालतो. इंजिनचे तसे नाही. तेथे तेच तेल पुन्हा पुन्हा फिरत राहते. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, आणि जळणाची काजळी व धातूचा कीस आपल्या पोटात घेते. काही तासांच्या कामानंतर ते इतके मळते की त्याच्याकडून रक्षण होण्याऐवजी झीजच अधिक होऊ लागते. म्हणून इंजिनच्या पुस्तिकेत सांगितलेल्या तासांनी ते सगळेच्या सगळे काढून नवे भरावे लागते.

ट्रॅक्टरला हे काम सोपे आहे. खाली बोल्ट असतो. त्याखाली घमेले ठेवावे, बोल्ट सोडावा, तेल आपोआप उतरते. ज्यांचे इंजिन असे मोकळ्या जागी, उंचावर आहे, त्यांनी हातपंप घेऊच नये. उगीच खर्च कशाला?

पण बोटीत पहा. कोकण किनाऱ्यावर १९५० नंतरच्या काळात शिडाच्या होड्यांवर डिझेल इंजिने बसू लागली. बोट डळमळू नये म्हणून जड इंजिन अगदी तळाशी बसवतात. त्याचे तेलाचे चेंबर आणि बोटीचा तळ यांत चार बोटांचेसुद्धा अंतर कित्येकदा नसते. तेथला बोल्ट सोडला की जळके ऑइल तळाच्या पाण्यात मिसळते, आणि पाणी उपसताना ते समुद्रात जाते. मासळी जेथे उतरते त्याच बंदराच्या पाण्यावर मग तेलाचा रंगीबेरंगी तवंग तरंगताना दिसतो.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढच्या काळात मोटेची जागा डिझेल इंजिनांनी घेतली. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की वरचा पंप ते ओढीनासा होई. मग लोक विहिरीच्या आत ओटा बांधून इंजिन खाली उतरवीत. आज बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आले आहेत, परंतु जेथे वीज नाही किंवा भरवशाची नाही, तेथे डिझेल इंजिन अजून चालते. अशा ओट्यावर बोल्ट सोडला तर तेल कोठे जाणार? खाली पाण्यात. आणि पुष्कळ घरी पिण्याचे पाणीही त्याच विहिरीचे असते.

तेव्हा उपाय एकच. तेल खालून सोडण्याऐवजी वरून काढायचे. तेलाची पातळी पाहण्याची जी सळई असते, ती काढून त्या भोकातून नळी चेंबरच्या तळापर्यंत घालायची आणि हातपंपाने तेल वर ओढायचे.

आता शिक्षक मंडळींनी जरा इकडे लक्ष द्यावे. हातपंप तेल ‘ओढतो’ असे आपण म्हणतो खरे, पण तो ओढीत नाही. तो फक्त नळीतली हवा कमी करतो. बाहेरच्या हवेचा दाब तेलाला वर ढकलतो. इटलीच्या टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याच्या नळीवर हे दाखवले. हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलू शकतो. व्यवहारात सात-आठ मीटरच. विहिरीत इंजिन उतरवण्याचे कारण हेच होते.

तेलाला तर एखादा मीटरच चढायचे असते. मग पंप मारता मारता हात का भरून येतो? कारण अडचण उंचीची नाही, तेलाच्या दाटपणाची आहे. डिझेल इंजिनात नेहमी वापरले जाणारे १५डब्ल्यू-४० तेल घ्या. शंभर अंश सेल्सियसला ते जितके दाट असते, त्याच्या सुमारे सातपट दाट ते ४० अंशांना असते. थंडीच्या सकाळी तर विचारूच नका. म्हणून पंप कोणताही असो, पहिला नियम हा की तेल कोमट असताना काढावे. इंजिन थोडा वेळ चालवावे, बंद करावे, हाताला चटका बसणार नाही इतके निवू द्यावे. काजळीही अशा वेळी तेलात मिसळलेली असते, ती सोबत निघून येते.

पण येथे एक इशारा देतो. विहिरीत किंवा बोटीच्या बंद खणात इंजिन चालवले की विषारी धूर साचतो. विहिरीतल्या अशा धुराने माणसे दगावली आहेत. इंजिन चालू असताना कोणीही खाली थांबू नये. धूर पुरता निघून गेल्यावरच, आणि वर दुसरा माणूस उभा ठेवून खाली उतरावे. तेल थोडे अधिक निवले तरी चालेल, पण जिवाशी खेळ नको.

दुसरा नियम नळीचा. बारीक नळीतून दाट द्रव फार सावकाश जातो. नळीचे आतले तोंड चारऐवजी सहा मिलिमीटरचे घेतले तर तेल दीडपट नव्हे, सुमारे पाचपट वेगाने येते. वर्गात हे सहज दाखवता येईल. एरंडेल घ्या, दोन जाडीच्या नळ्या घ्या, आणि औषधाची पिचकारी. एकदा थंड एरंडेल ओढा, एकदा कोमट. मुले हा धडा विसरणार नाहीत. तेव्हा पंप घ्यायला जाताना सळईच्या भोकाचे माप बरोबर न्यावे आणि त्यात मावेल तितकी जाड नळी घ्यावी. नळी कडक हवी, नाहीतर ती आत चिपकते. टोक तिरके कापावे, म्हणजे ते चेंबरच्या तळाला चिकटून बंद होणार नाही.

आता पंपांचे प्रकार. पहिला म्हणजे साधी पिचकारी. दट्ट्या ओढावा, भरावी, डब्यात रिकामी करावी. स्वस्त आहे, बिघडण्यासारखे तीत काही नाही. तीन-चार लिटर तेलाच्या लहान इंजिनला ती पुरते. दोष एवढाच की दर खेपेला नळी बाहेर काढावी लागते आणि तेल ठिबकते. हलत्या बोटीत तर अधिकच.

दुसरा, दोन झडपांचा पितळी पंप. दट्ट्या वर घेतला की तेल आत येते, खाली दाबला की दुसऱ्या नळीने डब्यात जाते. नळी हलवावी लागत नाही. बोटीच्या फळीवर तो कायमचा बसवता येतो. खाऱ्या हवेत लोखंड गंजते, पितळ टिकते. म्हणून समुद्रावर थोडे पैसे जास्त पडले तरी पितळच घ्यावे.

तिसरा, हवाबंद भांड्याचा. यात पंप भांड्यातली हवा काढतो आणि तेल आपसूक भांड्यात येते. तेल पंपाला लागतच नाही, सांडत नाही, आणि किती निघाले ते भांड्यावर मोजता येते. किंमत मात्र अधिक. झाकणाच्या रबरी कड्यातून हवा शिरली तर सगळाच खेळ थांबतो. घेताना दुकानातच नळीच्या टोकावर बोट ठेवून दोन-चार वेळा पंप मारून पहावा. बोट धरून ठेवले गेले पाहिजे, आणि ती ओढ लगेच सुटता कामा नये.

रॉकेल काढायचा प्लॅस्टिकचा हातपंप मात्र या कामी नको. तो पातळ रॉकेलसाठी केलेला; दाट तेल त्यातून चढत नाही आणि उष्णतेने तो मऊ पडतो. तसेच पाणी उपसायचा पंप तेलाला लावू नये. साधे रबर खनिज तेलाने फुगते. ‘नायट्राइल’ रबराचे वॉशर आहेत का, हे दुकानदाराला विचारून घ्यावे.

माझा सल्ला विचाराल तर असा. एका शेतकऱ्याच्या एका लहान इंजिनला पिचकारी पुरे. मासेमारीच्या बोटीला पितळी पंप. आणि हवाबंद भांडे चार-सहा जणांनी मिळून, किंवा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेने घ्यावे. वर्षातून थोड्याच वेळा लागणारी वस्तू प्रत्येकाने विकत घेण्यात शहाणपण नाही.

निघालेल्या तेलाचे काय करायचे? वाळवी लागू नये म्हणून जळके ऑइल चौकटींना फासायची चाल आपल्याकडे आहे. ते करूच नये असे मी म्हणेन, कारण ते कातडीला अपायकारक आहे आणि पावसाने मातीत उतरते. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते शुद्ध करून पुन्हा वापरता येते. म्हणून झाकणाच्या डब्यात साठवावे आणि परवाना असलेल्या संकलकाकडेच जाईल असे पहावे. त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू देऊ नये.

नागपूर शहराला पेंच नदीचे पाणी मिळते. त्याच नदीवर वरच्या बाजूला तोतलाडोहचा जलाशय आहे, आणि तेथे मोटारबोटीही फिरतात. म्हणजे बोटीच्या इंजिनचे तेल हा विषय आपल्या घागरीपासून वाटतो तितका लांब नाही. तेव्हा या खेपेला इंजिनचे तेल बदलायची वेळ आली की खालच्या बोल्टला पाना लावण्यापूर्वी एकदा वाकून पहा, त्याच्या खाली पाणी तर नाही ना? असेल, तर पाना ठेवून द्या आणि पिचकारी हाती घ्या.