कोणत्या टोकाला?
(हीरकमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी लेखिका आहे असे कळल्यावर माझी पुस्तके कोठे मिळतात, अशी विचारणा होते. माझे लेखन यंत्राच्या खोक्यात, थर्माकोलखाली असते. यंत्र कसे जोडावे, कसे चालवावे, अडल्यास काय करावे, हे लिहून देणे हा माझा व्यवसाय. मी कोणाच्या नोकरीत नाही. कामागणिक मोबदला घेणारी मुक्त तंत्रलेखिका आहे.

हे लेखन किरकोळ नाही. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली. मूळ दोष यंत्राच्या रचनेत व संगणकाच्या आज्ञावलीत होता. परंतु १९८६ मध्ये टेक्सासमधील रुग्णालयात पडद्यावर 'मालफंक्शन ५४' असा इशारा उमटला, तेव्हा त्याचा उलगडा यंत्राच्या पुस्तिकेत नव्हता. चालकाने उपचार पुढे सुरू केला. न लिहिलेल्या वाक्याचीही किंमत असते.

विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी इंग्रजीची एक नियमबद्ध रीत आहे. सूचनेचे वाक्य वीस शब्दांहून मोठे नसावे, एका शब्दाला एकच अर्थ असावा. हे नियम मी प्रथम वाचले, तेव्हा मला या शाळेतील प्रयोगवही आठवली. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान! 'कृती'त अनुमान मिसळले की बाई लाल शाईने रेघ ओढीत. पालकहो, मराठी माध्यमामुळे आरंभी माझे इंग्रजी अडखळले, हे मी लपवत नाही. माझे मसुदे लाल होऊन परत येत. भाषा कष्टाने सुधारली. विचार क्रमाने मांडण्याची शिस्त मात्र मी येथूनच नेली होती.

काही वर्षांपूर्वी आईसाठी रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र आणले. पुस्तिकेत मराठी नव्हते आणि आईला सहज वाचता येते ती मराठीच. मी एका पानावर सूचना लिहून दिल्या व शेजारी गप्प बसले. 'पट्टीच्या टोकाला रक्ताचा थेंब लावा' या वाक्याशी ती थांबली आणि म्हणाली, "अगं, कोणत्या टोकाला?" पट्टीला दोन टोके असतात. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ही चूक माझी होती. मी लिहिले, 'यंत्राबाहेर राहिलेल्या टोकाला'. त्यानंतर तिने मला काही विचारले नाही.

आपल्यापैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी अभियंते, कोणी बँकेत, कोणी कारखान्यात. प्रत्येकाच्या कामात असे एक पान मराठीत लिहायचे राहिले असेल. ते लिहावे, ज्याच्यासाठी लिहिले त्याला वाचायला द्यावे आणि तो कोठे थांबतो ते पाहावे. या शाळेच्या ऋणातून थोडे तरी उतराई होण्याचा मला ठाऊक असलेला मार्ग हाच.