सहा तास आणि सहा आठवडे



मी शाळेत मराठी शिकवते, पण आज थोडं गणित करणार आहे. आपल्या प्लेझान्स विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ४,७०० किलोमीटर. विमानाला सहा तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. आपण सहाच धरू. आपलं घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे, त्यामुळे इथून रात्री नऊला निघालं की मुंबईत पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. मुलं वजाबाकी करून साडेसात तास सांगतात. परतीचं उत्तर येतं साडेचार. मग म्हणतात, "मिस, घरी येताना विमान जोरात येतं!"

आता जहाज. शिडाचं जहाज वाऱ्यावर चालायचं, त्यामुळे दिवस कमीजास्त होत. मुंबईहून सहा आठवडे धरा. म्हणजे १,००८ तास. त्याला सहाने भागा, १६८ येतात. एका आठवड्याचे तासही तेवढेच. विमानाचा एक तास म्हणजे जहाजाचा एक आठवडा.

पहिल्यांदा मुंबईला गेले तेव्हा मी हाच हिशेब करत बसले होते. जेवणाचा ट्रे आला तोवर त्यांचा पहिला आठवडा सरला होता. मी चहा घेतला, तिसरा संपला. मग माझा डोळा लागला. जागी झाले तर तासभर गेलेला. तेवढ्यात जहाजावर कुणी तापाने गेलं असेल, त्याला समुद्रात सोडलंही असेल.

माझ्याजवळ मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेतून मिळालेला कागद होता. त्यावर खापरपणजोबांचा नंबर, वय, जिल्हा रत्नागिरी आणि गावाचं नाव. गाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. मुंबईहून आगगाडी आणि एसटी मिळून विमानापेक्षा जास्त वेळ लागला. त्या उच्चाराची दोन गावं निघाली, मी दोन्हीकडे गेले.

पहिल्या गावात एका आजोबांनी ओटीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. ते हसले. "बाय, हे तर नाव झालं. आडनाव?" इथे आपल्यापैकी किती घरांत पूर्वजाचं नावच आडनाव झालं आहे, तुम्हाला ठाऊक आहे. आजोबांनी मग विचारलं, "बरं, कुलदेव कोण? गावची देवी कोण?" त्यावरून त्यांनी घर काढून दिलं असतं. मला सांगता आलं नाही. दुसऱ्या गावातही हेच दोन प्रश्न.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. तिकीट काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. दिवाळीला, गणपतीला कुणाच्या नावाने नारळ ठेवतात ते विचारा आणि लिहून घ्या. आमच्याकडे आई ठेवायची, पुटपुटत. मी निघाले त्याच्या दोन वर्षं आधी ती गेली होती.