सरस्वतीबाईंचं काम

दागिने मोडून धंदा उभा करणाऱ्या बायका आपल्या गटांत आहेत. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही तसाच उभा राहिला. दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी त्यासाठी आपले दागिने दिले. लोक एवढंच सांगतात अन् थांबतात.

पण बाई राबल्या किती! कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं नसायची. ती त्या अंधारात बसून पाडायच्या. फिल्म धुण्याची रसायनं कालवायच्या. उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड पाडायच्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच.

तारामती झाले साळुंके, म्हणजे पुरुष! बायका पडद्यावर आल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये: दुर्गाबाई कामत पार्वती, त्यांची लेक कमला मोहिनी.

चित्रपट मुके. पडद्याजवळ बसलेले पेटी-तबलावाले निदान ऐकू यायचे. सरस्वतीबाईंचं काम ना दिसे, ना ऐकू येई.

आपण पापडाच्या हिशेबात डाळ, तेल, मीठ लिहितो. पहाटे उठून पीठ कुटणारीचे तास लिहीत नाही. येत्या बैठकीत रजिस्टरात त्यासाठी एक रकाना आखा.